बाबांचं मरण आणि माझा साखरपुडा

नाही, पण मरायचंच होतं तर माझा साखरपुडा होईपर्यंत थांबायला काय हरकत होती, मी म्हणते! मालिकेत झालं म्हणून काय झालं? दोन दिवसांवर डिचोलीची माणसं नारळ घेऊन यायची, आणि इकडे वधूपिता टीव्हीवर गेलेला... माझं काळीज थाऱ्यावर राहील कसं, तुम्हीच सांगा!

आमचे बाबा, शिवदास, धारगळच्या जत्रेतल्या नाटकांत घडलेले नट. मांडवामागे शेतात उभ्या असलेल्या माणसालाही ऐकू जाईल असा आवाज. तोच घेऊन मुंबईला मालिकेत गेले, तर पहिल्याच वाक्याला आवाजवाल्याने हेडफोन भिरकावले म्हणे. दिग्दर्शक म्हणाला, "काका, बायको शेजारीच बसलीय." त्यात प्रेक्षकांना पाठ दाखवायची नाही ही नाटकातली शिस्त! मुलगी मागच्या दाराने पळून चाललीय आणि बाप कॅमेऱ्यात बघून तिला अडवतोय... मग कधी पोस्टमास्तर, कधी वकील, कधी "आम्ही खूप प्रयत्न केले" म्हणणारा डॉक्टर. दोन वाक्यं की परत पेडण्याला, घरी. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा मरायला मिळालं, तेही अख्खा भागभर. मग सोडतात होय? असे मेले, असे मेले, की बाबा माझ्या शेजारी बसून शेंगदाणे खात होते तरी मी किंचाळले!

सकाळी कृष्णनाथचा फोन. म्हणजे आमचे होणारे... आवाज अगदी खाली. त्यांच्या सत्यवती आजी नारळ पाठवायला तयार नाहीत, आमच्या घरात सुतक आहे म्हणतात. त्याने समजावलं, अगं आजी, ती मालिका. तर आजी म्हणाल्या, "मालिका ती म्हाका कळटा. पूण मेलो मरे तो?"

म्हणजे मालिका आहे ते कळतं, पण माणूस मेला ना!

शेवटी बाबांना जिवंत दाखवायला आम्ही डिचोलीला घेऊन गेलो. आईने वाटेत बजावलं होतं, लग्नाचं तेवढंच बोला. पण आजी त्यांना बराच वेळ न्याहाळून म्हणाल्या, "रडलें हांव." झालं! त्या रडल्या हे ऐकून बाबा मला विसरले, सोयरीक विसरले. सरसावून विचारतात काय, "आजी, निमाणो श्वास पळयलो मगे?" म्हणजे शेवटचा श्वास पाहिलात ना? आजी म्हणाल्या, नाही, नेमकी तेव्हाच वीज गेली होती.

तुम्हाला सांगते, बाबा तिथेच जमिनीवर आडवे झाले... आणि मेले. अख्खे, पहिल्यापासून. कृष्णनाथची आई चहाचा ट्रे घेऊन आली ती ट्रेसकट खाली बसली, शेजारचे धावत आले, मला तर खरंच रडू फुटलं. काळीज थाऱ्यावर राहील कसं! आजी तेवढ्या शांत. बाबांनी एक डोळा उघडून "आतां?" म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "मरून उठलो. सुतक सोंपलें. नारळ हाडात." म्हणजे मेला तो उठला, आता नारळ आणा.

झाला साखरपुडा. मग भटजी लग्नाची तिथी काढायला बसले, पंचांग उघडलं, तर आजींनी हात आडवा घातला. म्हणाल्या, आधी व्याह्यांना विचारा, आता मिळालीय त्या नव्या मालिकेत कधी मरणार?

बाबांनी जरा विचार केला. म्हणाले, "मे महिन्यापर्यंत आहे मी बहुतेक."

तर लग्न मे महिन्यात आहे. नक्की या सगळे... मालिकेच्या लेखकाचा विचार बदलला नाही तर.