जिन्यातून वर-खाली फिरलेला डबा

सन्माननीय अध्यक्ष दीपकराव मयेकर, शाल पांघरून घामाघूम बसलेले आपले पाहुणे ओकादासाहेब आणि फुमिकोताई, महिला मंडळाच्या गोदाताई, आणि आंब्याची शेवटची तोड सोडून या सभागृहात जमलेल्या माझ्या वाडीतल्या बंधूभगिनींनो,

निरोपाच्या भाषणात पाहुण्यांचं कौतुक करायचं असतं, हे मला ठाऊक आहे. करीन. पण गेले पंचवीस दिवस या दोघांनी मला जेरीस आणलंय, ते आधी सांगू द्या. माझी मुलगी वेदिका मैत्रिणीकडून जपानी शिकली आहे, ती शेजारी बसून त्यांना माझं भाषण समजावते आहे. वेदिका, हे वाक्य गाळ गं. सांगितलंस? बघा, वाकून नमस्कार करतायत! अशा माणसांशी भांडायचं तरी कसं?

हे प्रकरण सुरू झालं कॅनडात. गेल्या उन्हाळ्यात मी आणि सौ. कमळा वेदिकेकडे व्हँकुव्हरला गेलो होतो. हे दोघे तिच्या त्याच मैत्रिणीचे आईवडील. मैत्रिणीचं घर दीड खोलीचं, म्हणून वेदिका म्हणाली, "दोन महिने राहू देत आपल्याकडे." म्हणजे घरात चार म्हातारी माणसं, स्वयंपाकघर एक, आणि चौघांना समजेल अशी भाषा एकही नाही. मुलगी-जावई कामावर गेले की कमळा खिडकीशी बसून राहायची. चौथ्या दिवशी मला म्हणाली, "चला घराकडं."

त्याच दिवशी तिने स्टीलच्या डब्यात नारळाच्या वड्या भरून फुमिकोताईंच्या फळीवर ठेवल्या. दुसऱ्या दिवशी डबा परत. आत तांदळाच्या खारट, कुरकुरीत चकत्या. कमळाने लगेच चिवडा भरला. आपल्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. मला वाटायचं, ही रीत आपलीच. ती जपानातही आहे! आता मला सांगा, दोन्हीकडे हीच रीत असेल तर डबा थांबणार कुठे? एका फळीवरून दुसऱ्या फळीवर, दोन हातांच्या अंतरात, तो दोन महिने फिरला. पण कमळा 'चला घराकडं' म्हणायची थांबली, हेही खरं. संध्याकाळी दोघी फिरायला जायच्या. मागून चालताना माझ्या कानांनी ऐकलंय, इकडून रत्नागिरी, तिकडून जपान, आणि हसू मात्र एकाच वेळी.

निघताना मी म्हणालो, "या एकदा आमच्याकडे." आपण एसटीत शेजारी बसलेल्यालाही म्हणतो. येतं का कोणी? हे आले! तारीख कळवून, वेदिकेला दुभाषी म्हणून सोबत घेऊन आले. आणि कधी? मे महिन्यात! मी आंब्याच्या पेट्या ठोकत मोठा झालेला माणूस, आज स्वतःची पॅकिंग शेड आहे. मे महिन्यात सख्खा भाऊ आला तरी मी दारातूनच विचारतो, "काम काय?"

वरची खोली दिली. दुसऱ्या सकाळपासून डबा जिन्यात सुरू. वर घावणे, खाली हातरुमाल. वर फणसाची सांदणं, खाली समुद्रातलं शेवाळ. मी म्हणालो, "कमळे, बास कर." तर म्हणते, "रिकामा डबा देऊ? लोक काय म्हणतील?" अगं, जिन्यात कुठले लोक?

अठराव्या दिवशी भर दुपारी फुमिकोताई एकट्या रिक्षाने बाजारात जाऊन आल्या. डबा खाली आला. आत काय? आपल्या नाक्यावर मिळतात ती ग्लुकोजची बिस्किटं. थोड्या वेळाने वरून बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. शेडमध्ये खिळा वाकडा गेला तरी मला बसल्या जागी कळतं. हाही आवाज कळला. वेदिकेला वर पाठवलं. ती उतरून म्हणाली, "बाबा, ते उद्याच निघतायत. आणलेल्या भेटवस्तू संपल्या. काकू म्हणतात, आम्ही नुसतं घेतच राहिलो, आता तोंड दाखवायची लाज वाटते."

कमळा भिंतीला टेकून खालीच बसली. "माजा काय चुकला ओ? आता बोलायचा कोनाशी?"

गोदाताई, रागावू नका, पण चाळीस वर्षांच्या संसारात तिला भेटलेल्या सगळ्या बायका माझ्या नात्यातल्या किंवा माझ्या ओळखीतल्या. तिची स्वतःची अशी ही एकच.

मी सगळी बिस्किटं खाल्ली. डबा धुतला, पुसला, वर नेला आणि झाकण काढून फुमिकोताईंपुढे धरला. रिकामा. ओकादासाहेब ताडकन उभे राहिले. दारातून वेदिका ओरडली, "बाबा, काय हे!" मी म्हणालो, "सांग त्यांना, आमच्यात घरच्या माणसाला असाच डबा देतात." वडीलधारे समोर आहेत, म्हणून कबूल करतो, अशी कुठलीही रीत आपल्यात नाही. ती मी जिना चढता चढता बनवली.

फुमिकोताईंनी डब्यात वाकून पाहिलं. मग तो घेऊन अनवाणी खाली उतरल्या आणि तसाच रिकामा कमळापुढे ठेवला. कमळाने आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "ही अक्कल ह्यांचीच!" म्हणाली, आणि हसता हसता रडायलाच लागली. वरची बॅग पुन्हा उघडली.

अध्यक्षमहाराज, माझा वैताग इथे संपला असता तर बरं होतं. काल कमळा नारळ खवत बसली होती. फुमिकोताई शेजारी येऊन बसल्या, खवणीवर हात ठेवला आणि चक्क मराठीत म्हणाल्या, "मला दे." कमळाच्या माहेरहून आलेली खवणी ती! मला वाटलं, आता ही म्हणणार, थांब, बाजारातून नवी आणते. हिने नारळ अर्धा ठेवला, खवणी धुतली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि दिली. मी विचारलं, "अगं, तिकडून काय आलं?"

"काय नाय," कमळा म्हणाली. एवढ्या तोऱ्यात ती माझ्याशी लग्नातही बोलली नव्हती.

सभागृह दिल्याबद्दल मंडळाचे, आणि इतका वेळ ऐकून घेतल्याबद्दल तुम्हा सर्वांचे आभार. बोलताना कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. आणि जेवूनच जा सगळ्यांनी. आजच्या आमटीत नारळ नाही, तेवढं सांभाळून घ्या.