घड्याळातला सेल

सफ्वत : …ते राहू दे, आधी हे सांग. दुखतंय का?

इन्शिराह : नाही रे बाबा. रोज काय तेच तेच! मशीन लावलंय ना.

(इजिप्तमधलं महल्ला, कापडगिरण्यांचं शहर. तिसऱ्या मजल्यावरचं घर, असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहराची नमाज नुकतीच झालेली. इन्शिराह पलंगावर पाय पसरून कोबीच्या पानांत भात गुंडाळते आहे. गुडघ्याला दोन चिकटपट्ट्या, त्यांच्या वायरी मांडीवरच्या साबणवडीएवढ्या, दुखण्यावर हलके झटके देणाऱ्या सेलवरच्या मशीनला जोडलेल्या. तिचा धाकटा मुलगा सफ्वत गिलाव्याच्या कामावरून आला आहे आणि अजून बूटही न काढता दाराशीच उभा आहे.)

सफ्वत : मुंग्या येतायत?

इन्शिराह : येतायत की. वारूळच फुटलंय गुडघ्यात.

सफ्वत : आकडा कितीवर ठेवलायस?

इन्शिराह : चारवर. कालच्यासारखा.

सफ्वत : काल पाच म्हणालीस.

इन्शिराह : मग पाचवर असेल. डॉक्टर झालास का तू? हात धू आणि ये, एवढी पानं पडलीयत.

सफ्वत : अम्मा, भिंतीवरचं घड्याळ शुक्रवारी बंद पडलं होतं.

इन्शिराह : पडलं होतं. तू चालू केलंस. उपकार झाले.

सफ्वत : सेल कुठून आणला मी?

इन्शिराह : दुकानातून आणला असशील. मला काय विचारतोस?

सफ्वत : दुकान बंद होतं. तुझ्या मशीनमधला एक काढला. संध्याकाळी नवा घालणार होतो, विसरलो; आज आठवलं.

इन्शिराह : तरीच.

सफ्वत : तरीच काय?

इन्शिराह : दिवा लागत नव्हता.

सफ्वत : आज बुधवार. पाच दिवस तू बंद मशीन गुडघ्याला बांधून बसलीयस. आणि वर वारूळ फुटलंय म्हणतेस.

इन्शिराह : मला वाटलं, बिघडलं.

सफ्वत : मग सांगायचं.

इन्शिराह : सांगून काय? तू डॉक्टरकडे नेलं असतंस. तो म्हणाला असता, मशीनने भागत नाही ना, मग घ्या गोळ्या. त्याच गोळ्या. त्या मला या घरात नकोत.

सफ्वत : लिहून दिल्याच होत्या त्याने. चहाच्या डब्याखाली चिठ्ठी सापडली.

इन्शिराह : फाडायला हवी होती.

सफ्वत : रविवारी तू न्हाणीत भिंत धरून उभी होतीस. तोंडात ओढणी कोंबली होतीस. बाहेर आलीस आणि म्हणालीस, आराम आहे. सोमवारी मी चिठ्ठी घेऊन मेधतच्या औषधांच्या दुकानात गेलो. तो म्हणाला, कुणासाठी? म्हटलं, आईसाठी. हसला. म्हणाला, सगळे आईसाठीच नेतात.

इन्शिराह : जीभ झडो मेल्याची! दिल्या?

सफ्वत : दिल्या. चिठ्ठीवर शिक्का होता.

इन्शिराह : कुठायत?

सफ्वत : खिशात.

इन्शिराह : सोमवारपासून?

सफ्वत : सोमवारपासून. तुला द्यायलाच आणल्या होत्या. जिना चढलो आणि हात पुढे होईना. म्हटलं, दिल्या तर घरात येतील. खिशात आहेत तोवर घरात नाहीत.

इन्शिराह : खिसा घरातच होता की, शहाण्या.

सफ्वत : हो.

इन्शिराह : खाल्लीस?

सफ्वत : नाही. पण माझ्या नाहीला कोण विचारतो. हे पाकीट घे, मोज.

इन्शिराह : चष्मा नाही जवळ.

सफ्वत : बोटांनी मोज. दहा हव्यात.

इन्शिराह : राहू दे ना. हातांना भात लागलाय.

सफ्वत : मोज, अम्मा. दोन वर्षांपूर्वी तुझ्या डबीतल्या गोळ्या मी खाल्ल्या. त्या जागी कॅल्शियमच्या ठेवल्या. महिनाभर तू त्या घेत होतीस. तेव्हाही विचारलं की म्हणायचीस, आराम आहे.

इन्शिराह : ठाऊक होतं मला. रंग वेगळा होता.

सफ्वत : मग का घ्यायचीस?

इन्शिराह : बोलले असते तर तू घर सोडून गेला असतास. थोडा तरी घरी येत होतास तेव्हा. पाच मिनिटं का होईना.

सफ्वत : मोज.

इन्शिराह : एक. दोन. तीन, चार… पाच. सहा. सात. आठ, नऊ. दहा.

सफ्वत : पुन्हा.

इन्शिराह : दहा आहेत रे. आता बस जरा. तुला रडू येतंय का?

सफ्वत : नाही. मला काहीच येत नाही. आठ महिने झाले गोळ्यांची नशा सोडून, लोक म्हणतात आता बरं वाटत असेल. बरंही वाटत नाही, वाईटही नाही. भिंतीला गिलावा मारतो आणि घरी येतो. वाटलं होतं, दहा निघाल्या की काहीतरी वाटेल.

इन्शिराह : गिरणीत एकतीस वर्षं उभी राहिले मी. दुपारनंतर पाय आपले वाटायचेच नाहीत. आम्ही बायका म्हणायचो, बरं झालं, सुटलो. घरी येऊन बसलं की ते परत यायचे आणि मग जीव जायचा. तुझंही येईल परत. दुखतच येईल.

सफ्वत : गोळ्यांचं काय करू? संडासात टाकू?

इन्शिराह : आधी घड्याळ उतरव.

सफ्वत : बंद पडेल.

इन्शिराह : पडू दे. वेळ सांगायला मशिदीचा भोंगा आहे. मला तो सेल दे.

सफ्वत : थांब, उलटा घालतेयस. असा. लागला बघ दिवा. किती करू?

इन्शिराह : वाढव. अजून. बास… बास रे, हाड हलतंय!

सफ्वत : येतायत मुंग्या?

इन्शिराह : आता येतायत. दुखणं गेलेलं नाही, पण जरा मागे सरकून बसलंय. माझी ओढणी दे. आणि चपला.

सफ्वत : कुठे निघालीस?

इन्शिराह : मेधतकडे. गोळ्या परत करायच्या. त्याच्या टेबलावर ठेवून त्याच्यासमोर दहा मोजायच्या.

सफ्वत : मी जाऊन येतो. तीन मजले आहेत.

इन्शिराह : तू सांगितलंस की त्याला हसू येतं. आईसाठी होत्या, तर आईनेच जाऊन सांगायला हवं.

सफ्वत : अम्मा, तुझा माझ्यावर विश्वास नाही, असं असेल तर सरळ बोल.

इन्शिराह : निम्मा आहे. उरलेल्या निम्म्यासाठी बरोबर येते. पाकीट माझ्याकडे दे, मशीन तू धर. वायर ओढू नकोस.

सफ्वत : कठडा धर. डावा पाय आधी. सावकाश.

इन्शिराह : उतरतेय. लहान मूल नाही मी.

सफ्वत : अजून दोन मजले आहेत. थांबायचं का?

इन्शिराह : थांबू जरा.

सफ्वत : दुखतंय का?

इन्शिराह : दुखतंय रे. हात दे.