गिअरच्या वाटा

मी मूळची घनसोलीची. माझा बा मिठागरावरची लारी चालवायचा, आनि आय कामाला गेली की मला कोनाकडं ठेवनार, म्हनून लारीतच घेऊन जायचा, तवा माझं खेळनं म्हनजे तो गिअरचा दांडा. बा क्लच दाबायचा न् बोलायचा, हिरा, टाक दुसरा, आनि मी दोनी हातांनी ढकलायची. पुढं पाय पुरायला लागले तशी मिठागराच्या बांधावर मीच चालवायची, बा बाजूला बसून बिडी ओढायचा. शाळा चौथीला सुटली, लारी नाय सुटली. लगीन होऊन इथं करावे गावात आले तवा गाडी चालवता येते ही गोष्ट मी सासरी कोनाला सांगितली नाय, कशी सांगनार, नवी सून मी, लोक काय बोलतील.

आमचे हे तुर्भ्याला एका वर्कशॉपात फिटर होते. कमी बोलनारा मानूस, काय सांगू तुमाला, जेवताना मीठ कमी पडलं तरी उठून स्वतः घेतील पन बोलनार नाय. जमीन नव्या शहरात गेली, तिचे पैसे आले तवा सासऱ्यांनी हौसेनं एक गाडी घेतली, जुनीच, पांढरी, चार गिअरची, दांडा खाली पायाशी. पन चालवनार कोन? ह्यांच्या हातात चाक दिलं की ह्यांचे हात गार पडायचे. दिवसभर मशीनीत हात घालनारा मानूस, त्याला रस्त्याची भीती. गाडी दारात उभी ती उभीच, तिच्यावर कोंबड्या बसायच्या.

सासू मावरं, म्हनजे मासळी, इकायची; मंग एक दिवस तिचा जवळा पडलेला पाट्या भरून, आनि टेंपोवाला आलाच नाय, ऊन चढत चाललेलं, सासू कपाळाला हात लावून बसली, तवा माझ्या तोंडातून निघून गेलं, आई, मी नेते. सासू बोलली, तू? हां, मी. बाईनं इचार केला, पदर खोचला न् बोलली, मंग उभी का, चल. त्या दिवसापासून आमी दोघी, वाशी, नेरूळ, जिथं नव्या बिल्डिंगा झाल्या तिथं मावरं घेऊन जायचो. फ्लॅटवाल्या बायका गॅलरीतून हाका मारायच्या, गाडीवाल्या कोळनी, ओ गाडीवाल्या. आमी काय कोळनी नाय, आगरी, पन हाक मारतंय मायेनं तर बोला म्हटलं. गाडीला जो वास लागला तो लागलाच. लायसन पन काढलं नंतर, ह्यांनीच फोटो काढायला नेलं, दुकानात बोलले, जरा हस.

पंच्यानव-शहान्नवचं साल असंल. खाडीच्या धक्क्यावर पायऱ्यांना शेवाळ, डोक्यावर पाटी, पाय सटकला न् मी डाव्या हातावर पडले. हाड मोडलं ते जुळलं, पन पंजा खाली लोंबायला लागला, बोटं वर उचलंनात. डाक्टर बोलला शीर दबली हाय, येईल तर येईल. खांद्यातून हात हालायचा, कोपरातून हालायचा, पुढचं सगळं कोनाचं तरी उसनं आनल्यासारखं. बघा, अजून तसंच हाय.

मी ऐकनारी नव्हते. म्हटलं चाक उजव्या हातानं धरीन, गिअर डाव्या तळव्याच्या टाचेनं ढकलीन. ढकलला जायचा, पन कुठं गेला ते कळायचं नाय ताई, तिसरा टाकायला जावं तर पहिला, गाडी हिसका मारून रडायची. एक दिवस अंगनातून निघताना पहिला टाकला असं मला वाटलं, आनि पडला रिवर्स. त्या जुन्या गाडीत रिवर्स पहिल्याच्या अगदी शेजारी, मधली आडवनारी स्प्रिंग कधीच मेलेली. गाडी मागं गेली ती थेट बोंबील सुकत घातलेल्या काठ्यांवर, आनि काठ्यांखाली सासू बोंबील पालटत बसलेली.

मी बिरेक मारला. मागं बघायची हिंमत होईना. उतरले तर काठ्या मोडलेल्या, सासू बोंबलांच्या ढिगात बसलेली, केसात बोंबील, आनि मला बोलते काय, हिरा, तुला लागलं का गं? ताई, ती ओरडली असती ना, तर मला सोपं गेलं असतं.

मी चावी सासऱ्यांच्या हातात दिली न् बोलले, इका. ते नको नको बोलले, मी बोलले, आज आई वाचली, उद्या कोनाचं तरी पोर असंल. मंग गिऱ्हाईक शोधलं. रात्री जेवताना ह्यांनी माझा तो हात घेतला, कोपरापासून खाली दाबत आले, कुठपर्यंत जोर हाय ते बघत, जसं वर्कशॉपात पार्ट तपासतात तसं, आनि परत ताटाच्या कडेला ठेवला.

रविवारी गिऱ्हाईक आलं, बेलापूरचा मानूस, बायकोला घेऊन. बघतो तर हे गाडीत आडवे, पाय बाहेर, गिअरवरचं रबर काढलेलं, सीट अंगनात. सासरे बोलले, काशिनाथ, अरे हे काय, लोक आलेत. आतूनच आवाज आला, गाडी खोलली हाय, आज इकता येनार नाय. उद्या? उद्या पन नाय. आख्ख्या संसारात बापापुढं एवढं बोलल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं. त्या मानसांना सासूनं च्या पाजला न् लावून दिलं.

काय करताय हो, मी इचारलं. तर बोलले, आमच्या मशीनीला दांडा हाय, तो पट्टीत कापलेल्या खाचेतून फिरतो. मानूस बघत नाय, खाच त्याला नेते. तुझ्या हाताला कळत नाय ना कुठं जायचं, मंग लोखंडाला कळू दे.

मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा त्यांनी दांड्याभोवती बसवला, एकेक गिअर टाकला न् पेन्शिलीनं वाट आखली. वर्कशॉपच्या मालकाला इचारून भंगारातला पत्र्याचा जाड तुकडा आनला. भोकं पाडली, करवतीनं कापलं, आनि मंग कडा घासायला कानस. ओटीवर बसून संध्याकाळभर कानस चालायची, आमची सासू बोलायची, ह्याला जेवायला कानसच वाढा. पहिली पट्टी बसवली तर दुसरा गिअर पडायचा न् लगेच निसटायचा, खाच तिथं आखूड झाली होती, आतल्या गिअरचे दात पुरते बसत नव्हते. ती वाढवली तर इंजिन हाललं की दांडा पट्टीवर आपटून टकटक करायचा. परत काढली. खाच थोडी रुंद केली, कोपरे गोल केले, बोट फिरवून फिरवून, कुठं अडतंय का. रिवर्सच्या वाटेवर एक पितळी झडप लावली, ती उजव्या हातानं सरकवल्याबिगर तिकडं जाताच येनार नाय. कारन रिवर्स टाकताना गाडी उभीच असते, बोलले, तवा उजवा हात तुझा मोकळा. एवढा इचार केलेला मानसानं. दांड्याच्या गोळ्याच्या जागी लाकडाची खोलगट मूठ, माझ्या पंज्याच्या मापाची.

मी बोलले, मी नाय बसनार. मला ते बोंबील दिसतात. तर हे गेले आनि पुढच्या सीटवर जाऊन बसले. पुढच्या! जे गाडीत बसायचे तर मागं, डोळे मिटून. बोलले, चल, मी हाय.

तवा सीवूडच्या बाजूला नवे सेक्टर आखलेले, रस्ते झालेले न् बिल्डिंगा नाय, कुत्रं पन फिरायचं नाय. तिथं गेलो. मी तळवा मुठीत ठेवला, डावीकडं ढकलला, दांडा झडपेला टेकला न् थांबला. पुढं सरकवला, पहिला. खाली ओढला कोपरातून, खाचेतून घसरत आला, खट्‌, दुसरा. मंग तिसरा, आडवा जाऊन वर, खट्‌. चौथा. मला हाताला काय कळत नव्हतं ताई, पन तो आवाज खांद्यापर्यंत कळायचा. मी रडत होते न् गाडी चालवत होते. ह्यांनी एका हातानं दार घट्ट पकडलेलं, घाम आलेला, आनि बोलतात, अजून एक चक्कर मार.

सासू दुसऱ्या दिवशी पाट्या घेऊन मागं बसली. मी बोलले, आई, भीती नाय वाटत? बोलली, माझ्या पोरानं केलंय, मला कशाची भीती, आनि तू बडबड नको, पुढं बघ. मंग कितीतरी वर्सं चालली ती गाडी. नेरूळला एक साहेब खिडकीतून वाकून बघायचा, बोलायचा, मावशी, असलं तर परदेशातल्या रेसच्या गाड्यांना असतं, कुठनं आनलं? मी बोलायची, घरात बनतं आमच्या.

आता सगळं गेलं. सासू गेली, सासरे गेले, गाडी पन सडली न् भंगारात दिली, वाईट वाटलं पन तिचं करनार काय. मी आता चालवत नाय, वय झालं. ह्यांची नजर गेली साखरेनं, सावली दिसते फकस्त. मावरं त्यांना लागतंच, मंग मी काटे काढून देते, उजव्या हातानं, डाव्यानं ताट दाबून धरायचं. येळ लागतो. ते बसतात थांबून, तोंड माझ्याकडं करून, घाई करत नाय. मी बोलते, हां, घ्या, आता घास घ्या, आनि ते घेतात.

तुमाला पन असं थांबनारं मानूस मिळो ताई. आता बसा, आज बोय मासळी केलीय, जेवूनच जा.