चौथा रकाना

सिस्टर : …अहो, नाळेचा वेढा होताच की गळ्याला! मग लिहा तसं आणि मोकळ्या व्हा. अचानक गेलं बाळ. जातात. तीस वर्षांत मी काही कमी पाहिली नाहीत.

मॅडम : वेढा सैल होता, सिस्टर. खालून माझी दोन बोटं जात होती.

सिस्टर : ते बघणाऱ्या तुम्ही आणि मी. भिंती काही साक्ष द्यायला येत नाहीत.

मॅडम : आणि कातडी? मी त्याला बाहेर घेतलं तेव्हा पाठीची कातडी माझ्या हातमोज्याला चिकटून आली. अर्ध्या तासापूर्वी गेलेल्या बाळाची कातडी अशी सुटते?

सिस्टर : …नाही सुटत. आता सुइणीपुढे काय पोट लपवायचं! एक दिवस तरी होऊन गेला होता त्याला जाऊन. मी बघितल्याबरोबर ओळखलं. पटकन गुंडाळलं, चेहरा तेवढा उघडा ठेवला, आईला दाखवला आणि गप्प बसले.

मॅडम : म्हणजे सकाळी आठ वाजता ती बाई आपल्या पायांनी चालत इथे आली, तेव्हाच बाळ गेलेलं होतं. मग आठपासून पावणेदोनपर्यंत दर अर्ध्या तासाला बाळाचे ठोके लिहिलेत, ते कुणाचे?

सिस्टर : तुमची ती शिकाऊ पोरगी. मनाचेच लिहिले असतील. दुसरं काय?

मॅडम : आधी मलाही तेच वाटलं. हा तिचा कागद. आता तुमचा द्या, आईची नाडी आणि ताप लिहिता तो.

सिस्टर : हा घ्या. एकाच क्लिपला तर होते दोन्ही.

मॅडम : तुम्ही वाचा. साडेनऊ.

सिस्टर : ताप एकशे दोन. नाडी एकशे बत्तीस.

मॅडम : तिने लिहिलेले बाळाचे ठोके, साडेनऊला, एकशे बत्तीस. दहा?

सिस्टर : नाडी एकशे छत्तीस.

मॅडम : ठोके एकशे छत्तीस. साडेदहा?

सिस्टर : एकशे तीस. …अगं बाई गं.

मॅडम : एकशे तीस.

सिस्टर : ताप होता. तापात आईची नाडी बाळासारखीच धावते. पोरीने पोटावर मशीन ठेवलं आणि जो आवाज मिळाला तो बाळाचा समजली. सहा तास आईचंच काळीज मोजत बसली!

मॅडम : हो.

सिस्टर : मी ताप आल्याआल्या वॉर्डातल्या डॉक्टरांना सांगितलं होतं बरं का. त्यांनी कागद बघितला, म्हणाले, ठोके झकास आहेत, काळजी नको. सात बाळंतिणी आणि मी एकटी, मॅडम. दोन कागद शेजारी धरायला मला हात कुठून आणू?

मॅडम : तुम्हाला बोलत नाहीये मी.

सिस्टर : आणि तशी मी कुठल्याही पोराटोराला एकटं हात लावू देत नाही. सकाळीच तिचं लॉगबुक मागून घेतलं, बाळाचे ठोके ऐकण्याचं पान उघडलं. पहिला रकाना नुसतं बघितल्याचा, दुसरा कुणीतरी समोर उभं राहून करून घेतल्याचा, तिसरा हाकेच्या अंतरावर कुणी असल्याचा. चौथा, एकटीने करू शकते. चौथ्या रकान्यात तुमची सही. मग म्हटलं, मॅडमनी पारखून घेतलंय, तर आपण कोण टिकोजीराव?

मॅडम : बोलवा तिला.

सिस्टर : आत्ता? दोन वाजल्यापासून कपड्यांच्या खोलीत रडतेय ती. तिला वाटतंय, पावणेदोनला दहा मिनिटं पाणी प्यायला गेली तेवढ्यात बाळ गेलं.

मॅडम : म्हणूनच बोलवा.

शिकाऊ : मॅडम, येऊ का?

मॅडम : ये. बस. पाणी पी.

शिकाऊ : पाणी नको. मॅडम, मी लिहून देते. पावणेदोनपर्यंत ठोके चांगले होते, मी स्वतः ऐकले, मग मी गेले. दहा मिनिटं. जास्तीत जास्त बारा. परत आले, मशीन खाली सरकवून बाळाच्या जागी लावलं, तर आवाजच नाही. मी गेले नसते तर—

मॅडम : थांब. मशीन पोटावर धरत होतीस, तेव्हा तुझा दुसरा हात कुठे होता?

शिकाऊ : पोटावरच. पोट स्थिर राहावं म्हणून.

मॅडम : आईच्या मनगटावर कधी होता?

शिकाऊ : मनगटावर… नाही. पुस्तकात आहे तसं. एका हाताने आईची नाडी बघायची, म्हणजे आवाज तिचा की बाळाचा ते कळतं. पण इथे कुणीच धरत नाही, मॅडम. मी कुणाला धरताना बघितलं नाही.

मॅडम : हे दोन कागद बघ.

शिकाऊ : हा माझा. हा… हा सिस्टरांचा आहे. याच्यावर पण तेच आकडे… यांनी माझे उतरवून घेतले का?

सिस्टर : नाही गं पोरी. मी मनगट धरून मोजले होते. आईचे.

शिकाऊ : नाही. नाही, नाही. मॅडम, आवाज एवढा जोरात होता. घोडा धावल्यासारखा.

मॅडम : ताप होता तिला.

शिकाऊ : म्हणजे ते कधी गेलं?

मॅडम : इथे येण्याच्या आधी. तुझ्या पाणी पिण्याने काही झालं नाही. ते आधी नीट ऐकून घे. बाळ तुझ्यामुळे गेलेलं नाही.

शिकाऊ : पण मी सहा तास सांगत होते त्यांना. दर वेळी. छान आहे बाळ, ताई, मस्त आहे. त्या म्हणाल्या, मला पण ऐकू दे. मी आवाज मोठा केला. त्यांच्या नवऱ्याने मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतलं. दोघं हसत होते, मॅडम. मी पण हसत होते.

सिस्टर : तेच लावून पडलीये ती आत. मोबाइल कानाला. मी दोनदा गेले काढून घ्यायला, नाही जमलं मला.

मॅडम : तुला एकदाही शंका आली नाही?

शिकाऊ : आली. नऊ वाजता. आवाज खूप बाजूला मिळत होता, बाळ असतं त्या जागी काहीच नव्हतं. वाटलं, तुम्हाला फोन करावा.

मॅडम : मग?

शिकाऊ : माझ्या चौथ्या रकान्यात सही होती.

मॅडम : सही असली म्हणून विचारायचं नाही, असं कुणी सांगितलं?

शिकाऊ : सांगितलं नाही कुणी. पण मागच्या महिन्यात आमच्यातल्या एकाने टाका घालताना तुम्हाला बोलावलं, तर तुम्ही सगळ्यांसमोर त्याची सही खोडलीत. म्हणालात, येत नव्हतं तर सही कशाला घेतलीस? त्यानंतर आमच्यात कुणीच कुणाला बोलावत नाही.

सिस्टर : घ्या. आता बोला.

शिकाऊ : आणि मला खरंच वाटलं, मॅडम, मला येतं. तुम्ही लिहिलं होतं ना. मला वाटलं, तुम्ही कधीतरी लांबून बघितलं असेल मला. माझ्या नकळत.

मॅडम : नाही बघितलं. एकदाही नाही. अकरा लॉगबुकं होती, गाडीत बसून सह्या केल्या. ड्रायव्हर पेट्रोल भरून येईपर्यंत. तुझं नाव कुठलं आणि चेहरा कुठला, हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. …तुझ्यावर विश्वास टाकला, असं मी चौकशीत छाती पुढे काढून सांगितलं असतं. विश्वास कसला, मला घरी जायची घाई होती.

सिस्टर : झालं ते झालं. आता माझं ऐका, दोघीही. बाळ काही परत येत नाही. नवरा गाडी ठरवायला गेलाय, पाच वाजता येऊन बाळाला घेऊन जाईल. आई आपणहून सांगतेय, बाळ शेवटपर्यंत जिवंत होतं, मी ऐकलं. यापेक्षा मोठी साक्ष कुठली? नाळ म्हणून लिहा. या पोरीचं आयुष्य वाचेल, तुमची सही झाकली जाईल, आणि त्या माउलीकडे तो एक आवाज राहील. तेवढाच तर उरलाय तिला. तोही ओरबाडून घेणार तुम्ही?

मॅडम : हे तिचं पहिलं बाळ होतं.

सिस्टर : म्हणूनच म्हणते.

मॅडम : ताप कशाने आला? बाळ कशाने गेलं? माहीत नाही. बाळामागून पडलेली वार तपासायला पाठवावी लागेल, बाळ तपासावं लागेल, आणि ते आज. नाळ म्हणून लिहिलं की कुणी काही तपासणार नाही. नशीब म्हणतील. मग दोन वर्षांनी ती पुन्हा पोट घेऊन येईल आणि आतलं जे काही आहे ते तसंच असेल. तेव्हाही आपण मशीन लावून म्हणायचं, छान आहे?

सिस्टर : आणि तुमच्या सहीचं काय?

मॅडम : ती चौकशीत निघेलच. जाऊ दे, असं म्हणणार होते. पण जाऊ दे असं वाटत नाहीये मला. खोटं कशाला बोलू? बावीस वर्षं काढलीत इथे. तुम्ही आणखी दोनदा म्हणालात, तर लिहीन मी नाळ. म्हणून आता तुम्ही काही म्हणू नका, सिस्टर.

सिस्टर : …नाही म्हणत. जा. वार मी टाकून दिलेली नाही. झाकून ठेवलीये.

मॅडम : ठेवलीत?

सिस्टर : तीस वर्षं झाली म्हटलं ना. हात आपले आपण कामं करतात, तोंड मागाहून काहीही बोलू दे.

शिकाऊ : मॅडम, मी सांगू त्यांना?

मॅडम : नाही. सांगणार मी.

शिकाऊ : त्या तुम्हाला ओळखत नाहीत. मला ओळखतात.

मॅडम : म्हणून तू शेजारी उभी राहा. यायचं असेल तरच. नाही आलीस तर मी सही खोडायला येणार नाही.

शिकाऊ : येते.

(शेवटच्या कोपऱ्यातली खाट. बाकीच्या खाटांपाशी पाळणे, इथे नुसती रिकामी खुर्ची. उशीवर मोबाइल पडलाय आणि त्यातून तो आवाज येतोय, संपतोय, पुन्हा सुरू होतोय.)

आई : ये गं ताई. या खुर्चीत बस. तुझे डोळे बघ कसे सुजलेत! तू कशाला रडतेस? तू होतीस म्हणून तर मी त्याला ऐकलं.

शिकाऊ : ताई, या आमच्या मॅडम.

आई : यांनीच सोडवलं ना मला. बसा, बाई.

मॅडम : मी उभीच बरी. तुम्हाला एक सांगायचंय. फार वाईट आहे. आणि त्यात चूक आमची आहे.

आई : उशीर झाला ना? हे म्हणतच होते, यांनी उशीर केला.

मॅडम : उशीर नाही. बाळ इथे जन्मताना गेलं नाही. तुम्ही आज सकाळी इथे आलात, त्याच्या आधीच गेलेलं होतं. काल केव्हातरी.

आई : असं कसं? हे ऐका की! हे काय आहे मग?

मॅडम : ते तुमच्या हृदयाचे ठोके आहेत.

आई : माझे?

मॅडम : ताप होता तुम्हाला. तापात ठोके बाळाइतके जोरात पडतात. ओळखायला हवं होतं. हिला ओळखता आलं नाही, कारण हिला कुणी कधी समोर उभं राहून शिकवलं नाही. हिला येतं, असं मी लिहून दिलं होतं. न बघता. चूक माझी आहे.

आई : ताई?

शिकाऊ : हो, ताई.

आई : तू तर म्हणालीस, मस्त आहे.

शिकाऊ : म्हणाले.

आई : मी त्याच्याशी बोलत होते. कळ आली की सांगत होते, थांब हां राजा, थोडंच राहिलंय, दोघं मिळून करू. सहा तास बोलले. …मग मी कुणाशी बोलत होते गं?

शिकाऊ : ताई—

आई : काल संध्याकाळपासून हलत नव्हतं ते. मला वाटलं, झोपलंय. इथे आल्यावर तू ऐकवलंस, तेव्हा म्हटलं, बघ, उगाच घाबरले. हे बंद कर. मला येत नाही, मोबाइल ह्यांचा आहे.

शिकाऊ : केलं बंद.

आई : म्हणजे त्याला मी कधी ऐकलंच नाही.

मॅडम : नाही.

आई : तुम्ही आता का सांगितलंत? मला कळलं तरी असतं का कधी?

मॅडम : नसतं कळलं. पण ते कशाने गेलं, ते शोधायचं असेल तर आज बाळाला तपासावं लागेल. पुढच्या वेळी तसं होऊ नये म्हणून. तुमची परवानगी लागेल.

आई : पुढच्या वेळी! …कापाल त्याला?

मॅडम : थोडं. नंतर शिवून, पुसून, गुंडाळून तुमच्या हातात देऊ.

आई : कोण करणार?

मॅडम : ती तपासणी करणारे डॉक्टर वेगळे आहेत.

आई : तुम्ही तिथे उभ्या राहाल? सगळं होईपर्यंत? सांगून नाही. स्वतः.

मॅडम : राहीन.

आई : मग न्या. आणि ताई, तू नको जाऊस.

शिकाऊ : नाही जात, ताई. मी हात नाही लावणार त्याला.

आई : त्यासाठी नाही. पाच वाजता हे येतील. आल्या आल्या मोबाइल मागतील. मला नाही जमणार त्यांना सांगायला.

मॅडम : त्यांना मी सांगेन. आधी ते येऊ देत, मग मी—

आई : तुम्ही बाळापाशी जा, बाई. हिने आम्हाला ऐकवलं, हीच सांगेल. बस गं तू. खुर्ची इकडे ओढ, दार दिसेल अशी.