पहारीला लागलेली चिंधी

वहिनी, गावकरी मंडळी, आणि पुढच्या रांगेतले शेठ,

आज काशिनाथदादांच्या शोकसभेला समाजमंदिराचा हॉल भरलाय, बाहेरही माणसं उभी आहेत. मी बोलायला उभा राहिलोय. अर्धा दुःखाने. उरलेल्या अर्ध्याचं कारण आत्ताच या माइकवर बोलून खाली बसलंय.

मी इब्राहिम. नारपोलीत माझे कापड विणायचे लूम आहेत. काशिनाथदादांचा मी भाऊबंद नाही, गाववालाही नाही. मग मी इथं कशाला? कारण दादांच्या अपराध्यांपैकी मी एक आहे. बाकीचे हॉलमध्ये बसलेत.

तुमच्या गुरचरणातला, गावाच्या गुरांच्या चराईच्या जमिनीतला, मुरूम शेठनी उपसला. वडपे गावातल्या गोडाउनांच्या भरावाला नेला. करारात लिहिलं होतं, काम संपलं की खड्डा मातीने भरून जमीन पहिल्यासारखी करून द्यायची. शेठनी दिली. वर लाल माती, तिच्यावर गवत. सरकारी साहेब पाहणीला आले त्या दिवशी सगळं कसं हिरवंगार. मंडप होता, नारळ होता. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. वाजवल्यात ना?

एक माणूस वाजवत नव्हता. दादा घरून पहार घेऊन आले आणि साहेबांच्या पुढ्यात रोवली. वीतभर माती लागली, पुढे सगळं पोकळ. पहार ओढून काढली तर टोकाला चिंध्या.

दादा म्हणाले, "साहेब, आमच्या म्हशी चिंध्या न्हाय खात."

साहेबांनी घड्याळ बघितलं आणि सही केली. शेठ हसले. शेठ हसले म्हणून तुम्हीही हसलात. त्या दिवसापासून दादांना 'पहारवाला' म्हणायला लागलात. आज त्याच तोंडांनी 'आदरणीय' म्हणताय. जीभ अडखळत नाही का हो?

दुसऱ्या दिवशी दादा ती चिंधी घेऊन नारपोलीत आले. काठाला हिरवा धागा होता. दुकानं विचारत विचारत माझ्या दारात पोचले. "हा धागा तुजाच ना?" माझाच होता. माझा कचरा शेठचा डंपर फुकट न्यायचा. कुठे नेतो, मी कधी विचारलं नाही. आवार मोकळं होतंय, मी खूश. इतका मी सज्जन. दादांनी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, "शुक्रवारी लूम बंद असतात ना? मग ये."

सहा वर्षं शुक्रवारी येत राहिलो. दादा, वहिनी आणि मी. चिंध्या उपसल्या. टेम्पोने तळ्याचा गाळ आणून पसरला. दादा ताग पेरायचे आणि फुलावर आला की कापून मातीत गाडायचे. दरवर्षी तेच. मी विचारलं, "एवढं वाढवायचं आणि गाडायचं कशाला?" दादा म्हणाले, "माती मेली न्हाय रं, बेशुद्ध हाय. तिला आधी खायला घालायचं, मग मागायचं."

तेव्हा तुम्ही कुठे होतात? शेठ एकदा आले होते. गाडीची काच अर्धी खाली करून बघून गेले.

गेल्या पावसानंतर गवत आपलं आपण टिकलं. वहिनींनी पहिली म्हैस सोडली. तिने जमीन हुंगली, मान खाली घातली आणि चरायला लागली. दादा बांधावर बसून रडले. मीही रडलो. चार दिवसांनी तुम्ही आलात. तुमच्या म्हशी घेऊन.

आणि आज? शेठनी आत्ताच जाहीर केलं, गुरचरणावर दादांचं स्मारक बांधणार. सिमेंटचा चौथरा, कमान, आणि उरलेल्या जागेत ट्रकचं पार्किंग. यावर तुम्ही काय केलंत? टाळ्या वाजवल्यात. शोकसभेत टाळ्या. वहिनी समोर बसलेल्या असताना.

शेठ, तेव्हा तुम्ही चिंध्यांवर माती टाकलीत. आता त्या मातीवर दादांचं नाव टाकताय. तुमचं काम एकच आहे, वरचा थर तेवढा बदलतो.

काल वहिनींनी मला विचारलं, "भाई, चौथरा झाला तं म्हशी कुठं सोडू?" याचं उत्तर तुम्ही द्यायचं आहे. सोमवारी ग्रामसभा आहे. दादांची पहार मी फोटोशेजारी टेकवून ठेवलीय. चौथऱ्यासाठी ज्याला हात वर करायचा असेल, त्याने आधी ती उचलावी, गुरचरणात रोवावी आणि टोकाला आता काय लागतं ते बघावं. ओली, काळी माती लागेल. तिचा वास घ्यावा. मग खुशाल हात वर करावा.

दादा, तुमच्या इब्राहिमचा सलाम.

आता दोन मिनिटं उभे राहू या. हात जोडा, खिशात घाला, काहीही करा. फक्त वाजवू नका.