कुंड्यांसाठी दिलेली चावी

मोफत कायदा सल्ल्याच्या खोलीबाहेर, बाकावर माझ्या शेजारी नणंद-भावजय. भावजय नुकतीच आतून आली होती.

“काय म्हणाले वकील, वहिनी?”

“विचारलं, घरमालकानं कुलूप तोडलं का? म्हटलं, नाही. मग चावी कुठून आली? म्हटलं, मीच दिली.”

“अगं, पण का दिलीस?”

“ह्यांना दवाखान्यात न्यायच्या गडबडीत मालक जिन्यातच भेटले. कुंड्यांना पाणी घाला म्हटलं, आणि चावी हातात ठेवली.”

“मग तसं सांग ना वकिलांना!”

“सांगितलं. मालकानं लेखी कळवलंय, बाई आपखुशीनं चावी देऊन घर सोडून गेल्या. वकील म्हणतात, कुंड्यांचं कुठे लिहिलंय? दावा लावता येईल म्हणाले, पण निकालाला वर्षं जातील.”

“आणि सामान?”

“जिन्याखाली काढून टाकलंय. माझं शिलाई मशीनसुद्धा.”

“दादाला सांगितलंस?”

“कोणत्या तोंडानं सांगू? उद्या घरी सोडतायत त्यांना. रोज एकच विचारतात, मालक झाडांना पाणी घालतात ना?”

“मग?”

“घालतात म्हणते. खोटं नाही गं. रस्त्यावरून गॅलरी दिसते. एकही झाड सुकू दिलं नाही मेल्यानं.”