जोशुआची जाळी

"एसी कसला हो, भट्टीच्या तोंडाशी बसल्यागत हाय नुसतं. बेलापूरपासून शिजत आलेय मी."

नागापूरच्या गॅरेजातल्या बाकावर मोनिका आपल्या गाडीची वाट बघत बसली होती. शेजारी बसलेल्या मावशी हे म्हणताना बघत होत्या तिच्याकडं, पण बोलणं होतं पलीकडं बसलेल्या नवऱ्यासाठी.

"गॅस संपला असंल, रेबेका."

"गॅस भरपूर हाय, काका," मिस्त्री त्यांच्या गाडीच्या बॉनेटखालून म्हणाला. "पण पुढं ही हिरवी शेडनेट कुणी बांधली?"

"आमच्या पोरानं, जोशुआनं. कारखान्याच्या रस्त्याला उसाचं पाचट उडतं, ते आत जाऊ नये म्हणून."

"धुळीनं गच्च झालीय ती. आत वाराच लागत न्हाई, मग एसी गार कसा करनार? कापून टाकतो."

"कापू नका! झटकून परत बांधा. गळीत संपलं की मीच काढतो म्हणलाय त्यो."

"कुठल्या सालचं गळीत, काका? जाळी उन्हानं पार विटलीय."

"कॅनडात हाय ना त्यो. नाताळला येनार हाय."

"मागच्या नाताळलाबी येनारच हुता," मावशी पुटपुटल्या.

"रजा मिळत न्हाई तिकडं. तुला काय कळतं?"

"मग काय करू, काका?" मिस्त्री कात्री हातात धरून उभा राहिला.

मोनिकानं उगाचच मोबाईल उघडला.

"अहो, तिकडं घर घेतलंय त्यानं," मावशी हळूच म्हणाल्या. "आता यील तो पाव्हना म्हणून यील. ऱ्हायला न्हाई यायचा. कापा हो, मिस्त्री."